मदत हवी आहे : जुनी मारुती ८००, साठच्या पुढं गाडी भरकटते, रॅक बदलू का थांबू?

नमस्कार मंडळी,

गाडी मारुती ८००, २००४ चं मॉडेल, एमएच ०९ पासिंग, पहिल्यापासून आमच्याच घरात आहे. इंजिन ठणठणीत, खालचा पत्रा पण चांगला आहे, वय झालंय तेवढी झीज आहेच. प्रॉब्लेम स्टेअरिंगचा आहे आणि तो जरा सविस्तर लिहितोय, कारण गॅरेजला गेलं की "स्टेअरिंग ढिलं झालंय" एवढंच ऐकून घेतात आणि थेट रॅकवर (स्टेअरिंग फिरवलं की चाकं वळवणारी दातेरी दांडी) येतात, पुढचं कुणी ऐकतच नाही.

गावात, म्हणजे कोल्हापुरात, चालवताना काहीच जाणवत नाही. राजारामपुरी, शाहूपुरी, रंकाळ्याच्या बाजूला चाळीसच्या आत गाडी एकदम सरळ. पण तावडे हॉटेलपासून हायवेला लागलो आणि काटा साठच्या पुढं गेला की गाडी आपल्या मनानं थोडी डावीकडं सरकते, मी किंचित उजवीकडं घेतो तर ती पाहिजे त्यापेक्षा जरा जास्तच उजवीकडं येते, मग परत डावीकडं, असं सारखं हातात धरून सावरत बसायला लागतं. कागलपर्यंत जाईस्तोवर खांदे भरून येतात. एकाच बाजूला ओढत नाही हे मुद्दाम सांगतो, दोन्हीकडं जाते. पंचगंगेच्या पुलावर शेजारनं कंटेनर गेला की तर हातातनं सुटते काय असं वाटतं, आणि आता उसाचा हंगाम चालू आहे, पुढं दोन दोन ट्रेलर लावलेला ट्रॅक्टर असतो, त्याला ओव्हरटेक करताना अशी गाडी नको वाटते.

आणखी दोन गोष्टी माझ्या लक्षात आल्यात, त्या कामाच्या असतील तर बघा. एक म्हणजे हायवेला अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय झटकन काढला की बोनेट जरासं एका बाजूला वळतं आणि परत पाय दिला की दुसऱ्या बाजूला, स्टेअरिंग मी अजिबात हलवलेलं नसतं तरी. दुसरं म्हणजे ब्रेक दाबला की पहिल्या क्षणाला नाक डावीकडं जातं आणि मग सरळ होतं. कधी कधी रिव्हर्स घेऊन ब्रेक मारला की डाव्या पुढच्या चाकाजवळनं टक् असा एकच आवाज येतो.

आत्तापर्यंत काय काय केलंय ते सांगतो. पुढचे दोन्ही टायर नवीन आहेत, हवा दोन्हीकडं सारखी, थंड टायरला चेक केलेली. दोन्ही टाय रॉड एंड (रॅकची दांडी चाकाला जोडणारे सांधे) बदलले. व्हील अलाइनमेंट केलं, स्क्रीनवर सगळं हिरवं दाखवलं. टाय रॉड एंड बदलल्यावर उभ्या गाडीत स्टेअरिंगला जो थोडा प्ले (ढिलेपणा) होता तो गेला, आता स्टेअरिंग जरा हललं की लगेच चाक हलतं. पण हायवेला फरक शून्य! हेच मला कळेना झालंय, प्ले नाही तर मग गाडी भरकटते कशानं?

एका ठिकाणी सांगितलं रॅक असेंब्लीच बदला. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले रॅकला खालनं एक स्क्रू असतो तो आवळून देतो, स्टेअरिंग टाइट होईल. आमच्या एका पाहुण्यांनी त्यांच्या गाडीत तसं आवळून घेतलं होतं, तर आता वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपोआप माघारी येतच नाही, हातानं ओढून सरळ करायला लागतं. मला तर ते जास्त धोक्याचं वाटतं, म्हणून तो प्रकार नको.

खर्च करायला ना नाही. पण नक्की कशासाठी करतोय ते कळलं पाहिजे, एकेक पार्ट बदलत जाऊन शेवटी बघायचं असं नको. आई-बाबांना घेऊन गगनबावडा, पुढं करूळ घाट उतरून तळकोकणात जाणं असतं, आणि गाडीच्या रजिस्ट्रेशनचं पाच वर्षांचं रिन्यूअल पण करायचंय, त्याच्या आधी हे काम मुळापासून झालं पाहिजे. घरी चेक करता येईल असं काही असेल तर सांगा, जॅक आणि पाने आहेत, मदतीला भाऊ आहे.

प्रतिसाद :

दादा, तुमच्या लिहिण्यातच निम्मं उत्तर आलंय. स्टेअरिंगचा प्ले आणि गाडीचं भरकटणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, लोक दोन्हीला ढिलं स्टेअरिंगच म्हणतात आणि तिथंच घोटाळा होतो. प्ले म्हणजे तुम्ही फिरवताय आणि चाकाला उशिरा कळतंय. तुमच्याकडं उलटं चाललंय, तुम्ही फिरवत नाही आणि चाक आपल्या मनानं दिशा बदलतंय. म्हणजे चाक ज्याच्यावर बसलंय तेच जागेवर नाही.

आठशेला पुढं एका बाजूला एकच बारीक लोअर आर्म असतो, तो चाकाला आडवं धरतो. पुढं-मागं कोण धरतं? तो समोरनं येणारा वाकडा स्टॅबिलायझर बार. बऱ्याच गाड्यांत तो बार फक्त वळणात गाडी कलू नये म्हणून असतो, इथं त्याच्याकडं डबल ड्युटी आहे. त्याचं टोक लोअर आर्ममधनं जातं, तिथं दोन्हीकडनं रबर बुश, वायसर आणि नट असतो. ते बुश खाल्ले की ब्रेक मारला तर चाक मागं जातं, गॅस दिला की पुढं येतं, आणि चाक मागं-पुढं झालं की त्याचा टो (चाकाचं तोंड किती आत-बाहेर वळलंय तो कोन) पण बदलतो. पाय काढला की नाक वळतं म्हणताय ते हेच, टक् आवाज पण तिथलाच असणार. आणि उभ्या गाडीत अलाइनमेंट हिरवंच येणार की, तिथं त्या चाकाला कोण ढकलतंय?

चेक असं करा. सपाट जागा, मागच्या चाकांना दगड लावा, पुढनं जॅकवर उचलून बॉडीखाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका, हे हात जोडून सांगतो. चाक वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या बाराला आणि सहाला धरून हलवा. हललं तर भावाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलायचं थांबलं तर बेअरिंग, तरीही हललं तर बॉल जॉइंट. मग आडवं, नऊ आणि तीनला धरून हलवा, तिथं खेळ दिसला तर टाय रॉड नाहीतर बेलोच्या (रॅकच्या टोकावरचं घड्यांचं रबरी कव्हर) आतला रॅक एंड, बेलोवरनं हात धरला की आतली टक्-टक् हाताला कळते. शेवटी टॉमी (लोखंडी पहार) घेऊन लोअर आर्म पुढं-मागं रेटा आणि बुशकडं बघत राहा. वायसरला घासून चकाकी आली असली तर समजा तिथं हालचाल होतीय.

प्रतिसाद :

वरच्या दादांशी सहमत, फक्त एक गोष्ट जोडतो. रॅकला हात लावायच्या आधी रॅक बॉडीला जिथं क्लॅम्पनं धरलाय तिथली रबरं बघा. गाडी चारी चाकांवर उभी पाहिजे, एकानं आत बसून स्टेअरिंग डावी-उजवी छोटं छोटं हलवायचं आणि दुसऱ्यानं बघायचं की रॅकची नळी आख्खीच आडवी सरकतीय का. सरकत असली तर रॅक चांगलाय आणि रबर गेलंय, किरकोळ खर्चाचं काम आहे. तसंच स्टेअरिंग कॉलमच्या (स्टेअरिंगच्या दांड्याच्या) खालचा जॉइंट आणि त्याचा बोल्ट, तो ढिला असला तरी लोकांना रॅक बदलायला लावतात.

तो खालचा स्क्रू आवळून घेतला नाही ते बरं केलं. रॅकचे दात मधल्या भागात जास्त झिजतात कारण गाडी जास्त वेळ सरळच चालते. मधल्या झिजेप्रमाणे आवळला की बाजूचे न झिजलेले दात जाम होतात, पाहुण्यांच्या गाडीचं तेच झालंय. त्यांना सांगा लगेच सोडून घ्या.

प्रतिसाद :

टायर नवीन आहेत म्हणताय, तळहात टायरवरनं आडवा फिरवून बघा, आतनं बाहेर आणि बाहेरनं आत. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं लागलं तर टो बिघडलाय. आणि अलाइनमेंट सगळ्यात शेवटी करा, बुश बदलल्यावर आधीच्या रीडिंगला काही अर्थ राहत नाही.

धागा काढणारा :

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाबरोबर रविवारी सकाळी बसून सगळं बघितलं. बारा-सहाला काही नाही, नऊ-तीनला काही नाही, रॅक जागच्या जागी घट्ट, कॉलमचा बोल्ट पण टाइट. मग टॉमी लावला आणि डाव्या बाजूचा लोअर आर्म डोळ्यांदेखत मागं-पुढं सरकला, चांगला बोटभर! बुशचं रबर एका बाजूनं पार खाल्लेलं, काळा भुगा हाताला लागत होता, आणि बारचा जो भाग आर्मच्या भोकातनं जातो तो घासून चांदीसारखा चमकत होता. उजव्या बाजूला एवढं नव्हतं पण रबराला भेगा होत्या.

उद्यमनगरात एका मिस्त्रींकडं नेली, त्यांना म्हटलं आधी बघा मग बोला. त्यांनी पण तेच सांगितलं. दोन्हीकडचे स्टॅबिलायझर बुश, बॉडीवरची क्लॅम्पची रबरं आणि लोअर आर्मचे आतले बुश बदलले. मिस्त्रींची एक गोष्ट मला फार आवडली. आर्मचे बोल्ट त्यांनी गाडी हवेत असताना नुसते अडकवले, आणि गाडी खाली उतरवून, पुढनं दोन-तीनदा दाबून सस्पेन्शन बसल्यावरच फायनल आवळले. म्हणाले, लटकत्या चाकावर आवळलं की रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हे सगळीकडं करत नाहीत, तुमचं काम असेल तर उभं राहून करून घ्या.

नंतर अलाइनमेंटला नेली तर पुढचा टो बाहेर गेलेला निघाला, तो सेट केला. आता कागलच्या रस्त्याला सत्तरला गाडी सरळ जातीय, हात नुसता ठेवायचा. ब्रेकला नाक वळत नाही, टक् आवाज बंद. कंटेनर शेजारनं गेला की अजून थोडी हलते पण ती हलकी गाडी आहे, तेवढं चालायचंच. रॅकला हातसुद्धा लावला नाही.

एकच शंका राहिलीय. आता स्टेअरिंगवरचा हात हलका केला की गाडी सावकाश डावीकडं जाते, अगदी थोडी. आधी भरकटण्यात हे कळत नव्हतं. रस्त्याला डावीकडं उतार असतो म्हणून का टायरचं काही?

प्रतिसाद :

आधी उताराचा अंदाज घ्या, रस्ता मोकळा असताना, डावीकडं उतार नसलेल्या सपाट तुकड्यावर बघा. तिथं सरळ गेली तर रस्त्यामुळंच आहे, सोडून द्या. तिथंही डावीकडंच गेली तर पुढचे दोन्ही टायर एकमेकांच्या जागी टाका, फक्त टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण नाही ना ते बघून घ्या. ओढ उजवीकडं आली तर टायरमध्ये दोष, दुकानदाराकडं घेऊन जा. ओढ तशीच राहिली तर डाव्या चाकाचा ब्रेक सुटतोय का बघा, थोडं चालवून आल्यावर दोन्ही रिमजवळ हात न टेकवता धरा, एक जास्त तापलं असलं तर कॅलिपर (ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) अडकतोय.

धागा काढणारा :

बाण नाही, बघितलं आत्ताच. आधी सपाट रस्त्यावर बघतो, मग टायर, मग कॅलिपर. जे निघेल ते इथंच लिहितो.