वर्गातला डिजिटल फळा मुलांच्या हाती द्या

ऐरोलीची_गणितवाली
पालकांच्या ग्रुपवर सध्या एकच सूर: घरी मोबाइल पुरे झाला, वर्गात तरी स्क्रीन नको. मला हे अजिबात पटत नाही. गणित शिकवते, म्हणून उदाहरण तिथलंच. पाया तोच ठेवून त्रिकोणाचा शिरोबिंदू पायाला समांतर सरकवला, तर क्षेत्रफळ बदलत नाही. खडूने तीन त्रिकोण काढले की मुलं माना डोलावतात. जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरवर मुलगी तोच बिंदू स्वतः ओढते, त्रिकोण पार चिंचोळा होऊन एका बाजूला कलंडतो, आणि आकडा ढिम्म हलत नाही. मग तीच विचारते, "बाई, असं कसं?" हा प्रश्न पडल्यावर सिद्धता शिकवायला मजा येते. शिवाय जिओजेब्रा शाळांना फुकट आहे.

कोपरखैरणेचा_बाबा
ताई, साठेक मुलांत डिजिटल फळा, म्हणजे पॅनेल, एकच. बिंदू ओढणार पहिल्या बाकावरची दोघं, बाकीच्यांसाठी तो टीव्हीच. आमच्याकडे डिजिटल क्लासची फी वेगळी घेतात आणि सर व्हिडिओ लावून वह्या तपासत बसतात. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेचा 2015 चा अहवाल काढून बघा. शाळांत संगणकावर भरमसाट खर्च केलेल्या देशांत वाचन, गणित, विज्ञान यांत लक्षणीय सुधारणा दिसली नाही. स्वीडनने तर 2023 मध्ये छापील पुस्तकांसाठी पुन्हा पैसे दिले.

ऐरोलीची_गणितवाली
व्हिडिओ लावून वह्या तपासणं चूकच, त्याची बाजू मी घेणार नाही. पण पॅनेल एक असलं तरी आधी सगळ्यांनी वहीत अंदाज लिहायचा: वाढेल, घटेल की तेच राहील? लिहून झाल्याशिवाय बिंदू हलवायचाच नाही. मग शेवटच्या बाकावरचाही डोळे लावून बसतो.

कळव्याचे_विज्ञान_सर
माझा विरोध वेगळा आहे. स्क्रीनवर एकसर आणि समांतर जोडणी झटपट जमते, प्रयोगशाळेत मात्र तीच मुलं एकसर लावायचा अमीटर समांतर लावून मोकळी होतात. सैल वायर, गंजलेला होल्डर, तापलेला सेल हे हाताला कळायला हवं.

वर्तकनगर_शिक्षिका
सर, तेवढे मीटर तरी हवेत ना! आमच्याकडे गटाला एक मिळाला तरी नशीब. कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट, म्हणजे स्क्रीनवर प्रयोग करायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे. त्यात शॉर्ट सर्किट केलं की बॅटरीला ज्वाळा लागलेल्या दिसतात. मुलं मुद्दाम पेटवतात, मग कारण शोधतात. हे मी खऱ्या सेलवर करू देईन का? आधी फेट, मग टेबल. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचं मात्र रडगाणं आहे. घरात फोन एकच, तो वडिलांबरोबर महापेला ड्युटीवर. म्हणून तर हे वर्गातच हवं.

कोपरखैरणेचा_बाबा
अंदाज लिहायची रीत आवडली. पण त्याला पॅनेल कशाला? फळीवर खिळे ठोका, रबर ताणा, झाला त्रिकोण.

ऐरोलीची_गणितवाली
जरूर करा, मीही करते. पण खिळ्यांच्या मधल्या जागा रबराला मिळत नाहीत, आणि क्षेत्रफळ दर वेळी चौकोन मोजून काढावं लागतं.

कोपरखैरणेचा_बाबा
मोजू द्या की! अर्धे, पाव चौकोन जुळवतानाच क्षेत्रफळ काय ते कळतं. आयता आकडा बघून नाही.