पथनाट्यात ‘वेडा’ आला की लोक हसतात. काय करावं?

प्रश्न
आमचा सात जणांचा हौशी गट. मानसिक आजारावर वीस मिनिटांचं पथनाट्य घेऊन गावोगाव फिरतो. कानात आवाज येणाऱ्या तरुणाचं काम करणारा मुलगा डोळे फिरवत बडबडायला लागला की हशा पिकतो. त्याला वाटतं, प्रयोग रंगला! परवा प्रयोगानंतर एक आजी आल्या, माझं मनगट धरून म्हणाल्या, "आमचा पण असाच बोलतो गं. उद्यापासून त्यालाही हसतील." मला काही सुचेचना. संहिता बदलू की नट?

उत्तर १
नट राहू दे, बसवणूक बदल. हा हशा आम्हीही खाल्लाय. त्या पात्राला सगळ्यांत शांत ठेव. आवाज बाकीच्यांनी काढायचे, प्रेक्षकांच्या पाठीमागे उभं राहून, कुजबुजत. आणि त्याच वेळी समोर बहीण त्याला साधंसं काहीतरी विचारतेय. तिचं बोलणं लोकांनाच नीट ऐकू येत नाही. पण मिनिटभरच हं. लांबवलं तर समज राहते बाजूला, भीतीच बसते.

उत्तर २
ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांनी १९७० च्या दशकात उभं केलेलं फोरम थिएटर करून बघा. प्रसंग पार बिघडेपर्यंत दाखवायचा, मग पुन्हा सुरू करायचा. प्रेक्षकांतल्या कुणीही "थांबा" म्हणायचं आणि नटाच्या जागी यायचं. फक्त आजारी मुलाच्या जागी कुणाला येऊ देऊ नका, नाहीतर प्रत्येक जण येऊन ‘मन घट्ट’ करून दाखवतो. बदलायचा बाप, बहीण, शेजारी.

उत्तर ३
मी आरोग्यसेविका. त्या आजींना उत्तर द्यायला प्रयोगानंतर कुणी थांबतं का? आधी स्थानिक दवाखान्यात बोलून ठेवा, कुठे आणि कोणत्या वारी जायचं ते पक्कं सांगता आलं पाहिजे. गोळी घेतली की पुढच्या प्रवेशात मुलगा ठणठणीत, असं असेल तर काढा. फरक दिसायला काही आठवडे जातात, आणि लोक नेमक्या तेवढ्यातच गोळ्या सोडतात. आत्महत्येचा प्रसंग असेल तर पद्धत, साधन काहीच दाखवू नका. नाटक-सिनेमावाल्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनेही हेच सांगितलंय.

प्रश्नकर्ती
काल करून पाहिलं. मागून एक गृहस्थ "थांबा" म्हणत बापाच्या जागी आले. बराच वेळ नुसते उभे. मग मुलाशेजारी बसले, बोलले काहीच नाहीत. हशा नव्हता. आमचा नट मात्र रुसलाय: "मग मी करायचं काय?" म्हटलं, बसायचं.