प्रोब आणि सुई विद्यार्थ्याच्या हातात कधी द्यायची?

भूलतज्ज्ञ (धागाकर्ती): सोनोग्राफी बघत सुई घालणं पदवीच्या वर्षांतच शिकवायला हवं, या मतावर मी ठाम आहे. मानेतल्या शिरेत सेंट्रल लाइन (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी नळी) टाकताना अल्ट्रासाउंड वापरा, असं ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2002 मध्येच सांगितलं. तरी अनेकांच्या हातात प्रोब (सोनोग्राफीचा त्वचेवर टेकवायचा भाग) आणि सुई पहिल्यांदा एकत्र येतात ती थेट रेसिडेन्सीत, म्हणजे पदव्युत्तर प्रशिक्षणात, मध्यरात्री, अत्यवस्थ पेशंटच्या मानेवर. हा पेशंटवर अन्याय आहे.

जुना सर्जन: मला पटत नाही. स्टर्नोमॅस्टॉइड या मानेच्या स्नायूच्या दोन भागांमधला त्रिकोण ज्याला बोटाने सापडत नाही, त्याला पडद्यावरचे दोन काळे गोल, शीर आणि धमनी, काय कळणार? आधी बोटं तयार होऊ देत. मशीन दुसऱ्या वॉर्डात अडकलेलं असेल तेव्हा हा मुलगा हात बांधून उभा राहणार का?

भूलतज्ज्ञ: सर, बोटं आणि पडदा एकमेकांचे शत्रू नाहीत. प्रोब हलकेच दाबला की शीर चपटी होते, धमनी ठोके देत तशीच राहते. हे दुसऱ्या वर्षाच्या मुलालाही दिसतं आणि शरीररचना डोक्यात पक्की बसते. पेशंटची मान जास्त वळवली तर शीर कॅरोटिडवर, म्हणजे मानेतल्या मोठ्या धमनीवर, सरकते. बोटाला हे कळत नाही.

इंटर्न: कार्यशाळेत जेलीच्या फँटमवर, म्हणजे सरावाच्या नकली शरीरभागावर, शिकलो. मुद्दाम शिकवणीच्या बाजूनेच बोलणार होतो, पण एक धोका मांडतो. शीर आडवी छेदून बघताना सुईचा पांढरा ठिपका दिसतो, तो टोकाचाच असेल असं नाही. कधी मधल्या दांड्याचा असतो, आणि टोक तोवर मागची भिंत ओलांडून गेलेलं असतं.

जुना सर्जन: हेच म्हणतोय! अर्ध्या दिवसाची कार्यशाळा करून प्रमाणपत्र घेतलेला मुलगा न शिकलेल्यापेक्षा धोकादायक. न शिकलेला निदान घाबरतो.

भूलतज्ज्ञ: अर्ध्या दिवसाच्या कार्यशाळेला माझाही विरोध आहे, अगदी मनापासून. टोकाचा पाठलाग हेच खरं कौशल्य: ठिपका नाहीसा होईपर्यंत प्रोब पुढे सरकवायचा, मग सुई जरा पुढे, ठिपका परत दिसला की पुन्हा प्रोब. हे हातात मुरायला महिने लागतात, म्हणून तर लवकर सुरुवात हवी. सेंट्रल लाइन विद्यार्थ्याने टाकावी असं मी म्हणतच नाही. फँटम, मग देखरेखीखाली हाताची न सापडणारी शीर, मग जलोदराचं पाणी नेमकं कुठे आहे ते बघून खूण करणं. गाइडवायर (सुईतून आत सारलेली बारीक तार) शिरेतच आहे हे पडद्यावर पाहिल्याशिवाय डायलेटर (वाट रुंद करणारी नळी) घालायचा नाही, ही सवय बघूनबघून आधीच लागावी.

जुना सर्जन: फँटम आणि हाताची शीर, इथवर मान्य. पण शिकवणार कोण? ज्या शिक्षकांनी स्वतः आयुष्यभर बोटांनी चाचपलेल्या शरीराच्या खुणांवर सुई घातली, त्यांना आधी शिकवा. तोवर अभ्यासक्रमात हे घालायला माझा विरोध कायम.

इंटर्न: सर, तुम्ही बसाल आमच्या शेजारी फँटमवर? त्रिकोण तुम्ही दाखवा, प्रोब मी धरतो.