मदत हवी आहे: ‘मॉड्युलर किचन नवी मुंबई’ या शोधात साइट वर कशी आणायची?

नमस्कार मंडळी. नेरुळला आमचं मॉड्युलर किचनचं छोटं वर्कशॉप आहे, साइट मी सांभाळते. वरच्या शब्दांवर पहिलं पान मोठे ब्रँड आणि लिस्टिंगवाल्यांनी (व्यवसायांच्या याद्या देणाऱ्या साइट्सनी) अडवलंय. सर्च कन्सोलमध्ये (गूगलचं साइटची आकडेवारी दाखवणारं साधन) आमचे इम्प्रेशन, म्हणजे शोधात साइट किती वेळा दिसली ते आकडे, बरे दिसतात, क्लिक नावाला. उलट ‘सिडकोच्या जुन्या फ्लॅटचं किचन’ असल्या लांबलचक शोधातून आलेली माणसं थेट फोन करतात.

एक एजन्सी शेकडो बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून आपल्या साइटकडे येणाऱ्या लिंक) आणि पहिल्या नंबरची हमी देतेय. अशी हमी कुणीच देऊ शकत नाही हे गूगल स्वतःच सांगतं, शिवाय २०१२ च्या पेंग्विन अपडेटपासून (गूगलने शोधाच्या क्रमवारीत केलेला बदल) विकतच्या लिंक अंगाशी येतात. त्यांना नकोच म्हटलं. (स्वस्तात होतं म्हणून सासरे अजून हळहळतात.)

खरा प्रश्न हा: वाशी, सीवूड्स, खारघर, पनवेल अशी वेगळी पानं करू का? नुसतं ठिकाणाचं नाव बदललेली पानं गूगल डोअरवे, म्हणजे स्पॅम धरतं. पण प्रत्येक पानावर तिथल्याच कामाचे फोटो, ओट्याची मापं, आलेला खर्च टाकला तर? की एकच भक्कम पान ठेवून गूगलच्या बिझनेस प्रोफाइलवर (शोधात आणि नकाशावर दिसणारी व्यवसायाची नोंद) रिव्ह्यू वाढवू? कुणी करून पाहिलं असेल तर इथेच लिहा, इनबॉक्समध्ये नको.