मदत हवी आहे: गॅरिबाल्डीने दक्षिण इटली राजाच्या हाती का दिली?

नमस्कार मंडळी. इटलीच्या एकीकरणावर वाचतेय आणि एका जागी अडून बसलेय. मे १८६० मध्ये क्रांतिकारक सेनानी गॅरिबाल्डी हजारेक स्वयंसेवक घेऊन सिसिलीत मार्सालाला उतरला, सप्टेंबरात दक्षिणेतल्या राज्याच्या राजधानीत, नेपल्समध्ये शिरला. आणि २६ ऑक्टोबरला तेआनोजवळ घोड्यावरूनच व्हिक्टर इमॅन्युएलला (उत्तरेकडच्या पिडमाँट-सार्डिनियाचा राजा) इटलीचा राजा म्हणून सलाम करून मोकळा! माणूस मूळचा मॅझिनीच्या प्रजासत्ताकवादी गोटातला. त्यात या राजाचा पंतप्रधान काव्हूर याने गॅरिबाल्डीचं जन्मगाव नीस त्याच वर्षी फ्रान्सला देऊन टाकलेलं. हे वाचून तर जीव तुटला. मग हातातलं सगळं का सोडलं? राजाचं सैन्य पोपच्या मुलखातून खाली आलं होतं म्हणून, की यादवी नको म्हणून? ज्यांचा अभ्यास आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगा.