जाचक की जुलमी? करांच्या आणि नियमांच्या त्रासाला नेमका शब्द

एका निवेदनाचा मसुदा लिहितोय आणि पहिल्याच ओळीत अडकलोय. विषय रोजचाच: वाढते कर, आणि त्याहून वेगाने वाढणारे दाखले, परवाने, अटी. मी ‘जुलमी कर व नियम’ असं लिहिलं होतं. सोबतचे म्हणाले, ‘जाचक’ करा. ‘फ्रस्ट्रेशन’साठी घातलेला ‘वैफल्य’ हा शब्दही कुणाला पटला नाही. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? आणि ‘कर बसवला’, ‘लावला’, ‘लादला’ यांत काही फरक आहे का?

प्रतिसाद

‘जुलमी’ नको. जुलूम मूळचा अरबी, अर्थ अन्याय. जुलमामागे जुलूम करणारा कुणीतरी समोर उभा असतो. जाचाचं तसं नसतं. सासरी एकदा कुणी टाकून बोललं तर त्याला जाच म्हणत नाहीत. रोज उठून तेच सुरू झालं की तो जाच. सातत्य हा या शब्दाचा प्राण आहे. त्याच्या जवळचा शब्द ‘काच’. नाडी आवळून बांधली तर पहिल्या घटकेला काही वाटत नाही, संध्याकाळी कमरेला वळ दिसतो.

नियमांचंही असंच आहे. एकेक अट सुटी घेतली तर तिचं कारण सांगता येतं. त्रास होतो तो दहा अटी एकाच माणसाच्या एकाच दिवसात येऊन बसतात तेव्हा. मी स्वतः एका कार्यालयात तीन खेपा घातल्या, कारण माझ्या नावातली वेलांटी एका कागदावर पहिली होती आणि दुसऱ्यावर दुसरी. समोरचा माणूस सौजन्याने बोलत होता, नियमही चुकीचा नव्हता. त्या तीन दिवसांना ‘जुलूम’ म्हणणं खोटं ठरेल, पण जाच होता हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. म्हणून ‘जाचक अटी’ हेच बरोबर. वर्तमानपत्रांनी हा शब्दप्रयोग वापरून वापरून गुळगुळीत केलाय, एवढंच दुःख.

प्रतिसाद

क्रियापदांबद्दल. कागदोपत्री भाषेत कर ‘आकारतात’. भरणारा म्हणतो ‘बसवला’. विरोध करणारा म्हणतो ‘लादला’. ‘लावला’ त्यातल्या त्यात तटस्थ. रक्कम तीच असते, पण बोलणारा कुठे उभा आहे हे क्रियापदावरून कळतं. फ्रेंचमध्ये कराला ‘इम्पो’ म्हणतात, त्याच्या मुळाशी लादण्याचाच अर्थ आहे. जर्मन ‘श्टॉयर’ मात्र जुन्या काळी आधार, मदत या अर्थाचा होता, आणि स्वीडिशमध्ये ‘स्काट’ म्हणजे करही आणि खजिनाही.

आपल्याकडचे शब्दही पाहण्यासारखे आहेत. ‘महसूल’ म्हणजे हाती आलेलं, ‘वसूल’ म्हणजे पोचलेलं. दोन्ही अरबी, आणि दोन्हींत घेणाऱ्याची बाजू दिसते. ‘जकात’ मुळात इस्लाममधलं धर्मदानाचं कर्तव्य, मराठीत येऊन ती मालावरचा कर झाली. ‘हरकत’ अरबीत नुसती हालचाल, आपल्याकडे आक्षेप. त्यावरून ‘ना-हरकत’. ‘पट्टी’ त्या मानाने आपल्या रोजच्या वापरातली: घरपट्टी, पाणीपट्टी. कशासाठी भरतोय ते नावातच आहे, म्हणून तिच्याबद्दल कुरकुर झाली तरी गोंधळ होत नाही. ‘अधिभार’ आणि ‘उपकर’ ऐकून किती जणांना काही बोध होतो? ज्याचे पैसे जातात त्याला नाव तरी समजायला हवं, असं मला फार तळमळीने वाटतं. ‘परवाना’ सगळ्यांना कळत असताना अर्जावर ‘अनुज्ञप्ती’ छापणं हाही एक छोटा जाचच आहे.

मसुद्यात एक जपा: ‘कर चुकवला’ म्हणजे बुडवला, आणि ‘कर चुकता केला’ म्हणजे पुरता भरला. घाईत एकाच्या जागी दुसरं गेलं तर अर्थ पार उलटेल.

प्रतिसाद

वैफल्याबद्दल थोडं. ‘विफल’पासून ‘वैफल्य’. मनापासून काही करावं आणि फळ मिळू नये, ते वैफल्य. त्यात माणूस खचतो, गप्प होतो. अर्ज तिसऱ्यांदा परत आल्यावर माणूस गप्प होत नाही, घरी येऊन अर्धा तास बोलत राहतो. तो ‘वैताग’. बरेच महिने असं चाललं की ‘उबग’ येतो. पैसा आणि वेळ दोन्ही संपत आले की माणूस ‘जेरीस येतो’; फारसीत ‘जेर’ म्हणजे खाली, दबलेला. निवेदनात ‘वैताग’ थोडा घरगुती वाटेल. ‘जेरीस आले आहेत’ चालेल, त्यात वजनही आहे.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. वेलांटीचा अनुभव वाचून आमच्यातल्या दोघांनी तसेच अनुभव सांगितले. वाक्य आता असं केलंय: ‘करांच्या बोज्यापेक्षाही रोज नव्याने भर पडणाऱ्या जाचक अटींमुळे नागरिक जेरीस आले आहेत.’ ‘अनुज्ञप्ती’ होती तिथे सगळीकडे ‘परवाना’ घातलाय. ‘बोज्यापेक्षाही’ की ‘ओझ्यापेक्षाही’, यावर मात्र अजून एकमत नाही. कुणी सांगेल का?