बोलेरोतल्या बुलेट ट्विटरला नेमका कोणता कंडेन्सर लावावा?

काळीमाती (तालुका दारव्हा)

नमस्कार. आमच्या गावच्या भजनी मंडळाला बोलेरोत घेऊन मी वर्षातून अनेकदा गुरुकुंज मोझरीला आणि आसपासच्या कार्यक्रमांना जातो. मुक्कामाच्या ठिकाणी दारे उघडी ठेवून खंजिरी भजने मोठ्या आवाजात ऐकायला मंडळींना आवडते, म्हणून मागच्या हंगामात कापूस विकल्यावर मी गाडीत नवीन साउंड बसवून घेतला. पुढच्या दोन्ही दारांत साडेसहा इंची मिडबास (खालचे आणि मधले स्वर देणारे स्पीकर) आहेत, डॅशबोर्डवर दोन बुलेट ट्विटर (उंच स्वर देणारे छोटे स्पीकर) आहेत आणि सीटखाली चार चॅनेलचा अ‍ॅम्प्लिफायर आहे, जो 4 ओहमवर प्रत्येक चॅनेलला 100 वॉट आरएमएस देतो. दोन चॅनेल मिडबासला आणि दोन ट्विटरला जोडले आहेत. सर्व स्पीकर 4 ओहमचे असून डब्यावर मिडबासची सेन्सिटिव्हिटी (ठरावीक वॉटला किती आवाज निघतो ते) 95 आणि ट्विटरची 105 डेसिबल लिहिलेली आहे.

ज्या दुकानात काम केले तेथे सांगण्यात आले की अ‍ॅम्प्लिफायरमध्येच हायपास फिल्टर (ठरावीक मर्यादेखालचे स्वर अडवणारी सोय) असल्यामुळे ट्विटरच्या कंडेन्सरची (खालचे स्वर अडवण्यासाठी तारेत लावलेल्या भागाची) गरज नाही, आणि तो काढून टाकण्यात आला. दुसऱ्याच दिवशी दोन्ही ट्विटर जळाले. नवीन जोडीला मी स्वतः 4.7 मायक्रोफॅरडचे कंडेन्सर लावले, त्यामुळे ते टिकले आहेत. परंतु आता भजन म्हणणाऱ्याचा आवाज पोकळ येतो, शब्द नीट उमटत नाहीत, आणि खंजिरीच्या चकत्यांची किणकिण मात्र कानाला टोचते. कंडेन्सर बदलावा, तयार क्रॉसओव्हरचा (उंच आणि खालचे स्वर वेगळे करणारा) डबा घ्यावा, की मागच्या दारांत आणखी दोन मिडबास टाकावेत? कृपया कारणासह सांगावे, कारण पुन्हा पैसे घालवण्याची माझी तयारी नाही.

वायर_आणि_सूर

भाऊ, तुम्ही सर्व आकडे दिलेत हे फार चांगले केले, कारण दोष त्या आकड्यांतच दिसतो आहे.

प्रथम जळालेल्या ट्विटरविषयी. बहुतेक कार अ‍ॅम्प्लिफायरचा हायपास फिल्टर फार तर 250 किंवा 500 हर्ट्झपर्यंत जातो, कारण तो दारातल्या स्पीकरला खोल बासपासून वाचवण्यासाठी दिलेला असतो. बुलेट ट्विटरला साधारण 5000 हर्ट्झच्या वरचाच आवाज द्यायचा असतो. एकाच पातळीच्या आवाजासाठी वारंवारता निम्मी झाली की पडद्याला चौपट हलावे लागते, त्यामुळे 500 हर्ट्झपासूनचा सगळा आवाज 100 वॉटच्या चॅनेलवरून त्या नाजूक कॉइलवर आल्यावर ती जळणे अटळ होते. दुकानात दिलेला सल्ला चुकीचा होता, यात मला शंका नाही.

आता पोकळपणा. साध्या कंडेन्सरचा कटऑफ (ज्या वारंवारतेखाली तो आवाज अडवू लागतो ती) काढण्यासाठी 1,59,000 या संख्येला ओहम आणि मायक्रोफॅरड यांच्या गुणाकाराने भागावे. उत्तर हर्ट्झमध्ये येते. तुमच्या बाबतीत 4 गुणिले 4.7 धरल्यास ते सुमारे 8,450 येते, म्हणजे ट्विटर साडेआठ हजारांच्या आसपास नीट बोलू लागतो. दुसरीकडे साडेसहा इंची पडद्याचा आवाज अडीच ते तीन हजार हर्ट्झच्या वर पसरत नाही, झोतासारखा सरळ समोर जातो, आणि दारात खाली बसवलेल्या स्पीकरसमोर तुमचे गुडघे असतात. म्हणजे 3,000 ते 8,000 हर्ट्झ हा पट्टा कोणीच नीट वाजवत नाही, आणि ‘स’, ‘श’, ‘च’ ही व्यंजने व शब्दाची धार नेमकी याच भागात असते. खंजिरीच्या चामड्याची थाप मिडबासवर आणि चकत्यांची किणकिण ट्विटरवर अशी एकच खंजिरी दोन तुकड्यांत ऐकू येते, म्हणून क्रॉसओव्हर तपासायला तिच्याइतके उत्तम वाद्य मला तरी दुसरे माहीत नाही.

कंडेन्सर नुसता मोठा करून 10 मायक्रोफॅरडचा लावू नये. तसे केल्यास कटऑफ 4,000 हर्ट्झवर येईल, परंतु एकट्या कंडेन्सरचा उतार दर सप्तकाला (वारंवारता निम्मी होण्याच्या टप्प्याला) 6 डेसिबल एवढाच असल्यामुळे 2,000 हर्ट्झचा आवाजही बराच आत शिरेल आणि जोरात वाजवल्यावर दुसरी जोडीही जाईल. त्याऐवजी 5.6 मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर (अधिक-उणे टोक नसलेला) कंडेन्सर, किमान 100 व्होल्टचा, ट्विटरच्या ओळीत घ्यावा आणि 0.18 मिलीहेन्रीची हवेच्या गाभ्याची कॉइल ट्विटरच्या दोन टोकांना समांतर जोडावी. यातून 5,000 हर्ट्झचा, 12 डेसिबल उताराचा फिल्टर तयार होतो. बाजारातला तयार डबा दुसऱ्या कटऑफसाठी किंवा 8 ओहमसाठी बनवलेला असू शकतो, म्हणून हे दोन भाग सुटे घेणे मी अधिक योग्य मानतो.

कान टोचण्याचे कारण मात्र कंडेन्सर नाही, गेन (चॅनेलचा जोर ठरवणारी खुंटी) आहे. ट्विटर 10 डेसिबलने अधिक संवेदनशील आहे, म्हणजे मिडबासच्या बरोबरीच्या आवाजासाठी त्याला मिडबासच्या एक दशांश इतकेच वॉट पुरतात. गेन लावताना स्पीकरच्या तारा सोडाव्यात, फिल्टर आणि बास बूस्ट बंद करावेत, रेडिओचा आवाज तीन चतुर्थांशावर ठेवून 50 हर्ट्झचा चाचणी स्वर पूर्ण पातळीवर वाजवावा, कारण साधे मल्टिमीटर त्याच्या आसपासच खरे माप दाखवते. मिडबासच्या चॅनेलवर 20 व्होल्ट एसी दिसू द्यावेत, ट्विटरच्या चॅनेलवर फक्त 6.3. पहिला आकडा 4 ओहमवर 100 वॉटचा आणि दुसरा 10 वॉटचा आहे. तारा परत जोडण्यापूर्वी फिल्टर पुन्हा चालू करण्यास विसरू नये. मिडबासचा हायपास 80 ते 100 हर्ट्झवर ठेवावा.

दाराचा_कारागीर (वणी)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत अर्धा दोष दाराच्या पत्र्याचाच निघतो. पत्र्यातली मोठी छिद्रे उघडी राहिली तर पडद्याच्या मागचा आवाज पुढच्या आवाजाला येऊन मिळतो आणि बास नाहीसा होतो. मग मालक बास वाढवतो, अ‍ॅम्प्लिफायर क्लिप होतो (क्षमतेपलीकडे ताणला जातो), आवाज फाटतो, आणि फाटलेल्या आवाजातील उंच स्वर ट्विटरला जाळतात. छिद्रांवर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा बसवून वर ब्यूटाइलची शीट चिकटवावी. डांबरी शीट स्वस्त मिळते, परंतु आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो आणि उन्हात उभ्या गाडीच्या दारात ती पातळ होऊन ओघळते, हे मी अनेकदा निस्तरले आहे. स्पीकरखाली एमडीएफची रिंग घालू नये. पावसाळ्यात काचेवरून उतरणाऱ्या पाण्याने ती फुगते. पीव्हीसीची रिंग टिकते.

मागच्या दारांचे स्पीकर सध्या घेऊ नयेत. समांतर जोडल्यास चॅनेलवर 2 ओहमचा भार येईल, आणि तो तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरला चालतो असे माहितीपुस्तिकेत लिहिले असेल तरच ते करावे.

शाळामास्तर_हिंगणघाट

एक विनंती करतो. 105 डेसिबलचा ट्विटर डॅशबोर्डवर चालकाच्या कानापासून मीटरभरही दूर नसतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या मर्यादेनुसार 85 डेसिबल 8 तास चालतात, त्यापुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे 100 डेसिबलला 15 मिनिटेच उरतात. मोझरीचा प्रवास त्याहून पुष्कळ मोठा आहे, म्हणून चालत्या गाडीत आवाज कमी ठेवावा. आपल्या मंडळींचे कान आपल्याला पुढची कित्येक वर्षे हवे आहेत.

काळीमाती (तालुका दारव्हा)

सर्वांचे मनापासून आभार. या आठवड्यात 5.6 चा कंडेन्सर आणि कॉइल नागपूरहून आणून लावली. ट्विटरच्या चॅनेलवर आधी 17 व्होल्ट दिसत होते, म्हणजे सत्तर वॉटांहून अधिक, ते 6.3 वर आणले आणि टोचणे पूर्ण थांबले. शब्दही पुष्कळ स्पष्ट झाले. तरीही उजव्या बाजूने गायकाचा आवाज किंचित आत ओढल्यासारखा वाटतो, डावीकडे तसे होत नाही. दाराचे काम अजून केलेले नाही.

वायर_आणि_सूर

एकाच बाजूला असे होत असेल तर तेथील तारा उलट जोडल्या गेल्या असाव्यात. उजव्या मिडबासच्या तारा अ‍ॅम्प्लिफायरकडून सोडून त्यांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा. सेलचे अधिक टोक अधिक तारेला असताना पडदा बाहेर यायला हवा. ट्विटरला सेल लावू नका, त्याच्या तारांचे रंगच तपासा. दोन्ही बाजू सारख्या झाल्यावर दोन्ही ट्विटरच्या तारा एकदा उलटून पाहा, कारण 12 डेसिबलच्या फिल्टरमध्ये फेज (पडदा पुढे-मागे हलण्याचा मेळ) फिरते, आणि ज्या जोडणीत खंजिरीची थाप व किणकिण एकाच हातातून आल्यासारखी वाटेल ती कायम ठेवा.

काळीमाती (तालुका दारव्हा)

उजव्या मिडबासच्याच तारा उलट निघाल्या. दोन्ही ट्विटर उलटून ऐकल्यावर आवाज अधिक भरीव लागला, म्हणून तसेच ठेवले आहेत. सोयाबीनची काढणी आटोपली की दारांचे काम वणीलाच आणतो.